बारामुंडी

पहिल्या बोनसचं मी आधीच ठरवलं होतं.
दादांना पामबीचच्या त्या हॉटेलात न्यायचं,
जिथे दाराशी खोटं होडकं उभं आहे
आणि होडक्यावर खरं जाळं.
दादा जाळ्यापाशीच थांबले.
बोटांनी वीण चाचपली,
"फाटलाय," म्हणाले, आणि मग आत आले,
दिवाळे गावातल्या लग्नांसाठी ठेवलेल्या
पांढऱ्या सदऱ्यात.

आत इतका अंधार
की मेनूकार्डावर मी मोबाइलचा टॉर्च मारला.
शेजारच्या टेबलाने मान वळवली.
"यो कंचा?"
बॅरामुंडी, दादा.
"बारा मुंडी?
बारा मुंड्यांचा मासा मी नाय बगला कंदी."
आई पदराआड हसली. मी नाही हसले.
मी किंमत बघत होते.

वेटरच्या छातीवर पाटी, बिप्लब.
तो वाकला, हळूच म्हणाला,
"भेटकी है, काका. हमारे उधर भेटकी."
फोटो दाखवला.
दादांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ,
"आगो, यो तं जिताडा!"

जिताडा.
एकदा खाडीत चौदा किलोचा लागला होता,
तो दादांनी विकला नव्हता.
आत्याच्या सासरी नेला, करावेपर्यंत चालत, खांद्यावर घालून,
रिक्षा मिळत असताना,
म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसावा.
शेपटी पाठीवर आपटत होती
असं आई सांगते.
दादा सांगत नाहीत. दादा फक्त वजन सांगतात.

चाळीस मिनिटांनी आली काळ्या दगडाची थाळी.
मधोमध साबणाच्या वडीएवढा पांढरा तुकडा,
तुकड्यावर फेस,
फेसावर एक जांभळी पाकळी.
आईने ती निर्माल्यासारखी उचलून
कडेला ठेवली.
दादांनी तुकडा बोटाने दाबला.
पाणी सुटलं.
रस नाही, पाणी.
मला माहीत होतं ते काय आहे, त्यांना माहीत होतं,
आणि आम्ही दोघं एकमेकांना न बघता
लिंबू पिळत बसलो.

"याची मुंडी कं हाय?"
बिप्लबने मागे वळून मॅनेजर कुठे आहे ते पाहिलं.
"मुंडी किचन में, काका.
रात को स्टाफ खाता है. झोल बनाते हैं."
त्या संध्याकाळी दादा पहिल्यांदा हसले.
"मंग बरां हाय.
कोन तरी जेवला."

बिल मी तळहाताखाली झाकलं.
तळहात पुरला, आकडा लांब होता तरी.

रिक्षात किल्ल्याच्या चौकापाशी
दादा म्हणाले, "छान होतं."

छान होतं.
शुद्ध मराठीत.
हेडमास्तरांशी, तलाठ्याशी,
सिडकोच्या साहेबांशी बोलायची जी मराठी
ते सदऱ्यासारखी घडी करून ठेवतात,
तिच्यात.
एकतीस वर्षं आईच्या कालवणाला
ज्या माणसाने एकदा बरं म्हटलं नाही,
चिंच जास्त, मीठ आलां नाय, मासा कालचा,
त्याने मला म्हटलं, छान होतं.
आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं,
घरी आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

मी बाहेर बघत राहिले.
कांदळवनाच्या बाजूला काहीच दिसत नव्हतं,
नुसता वास येत होता, ओहोटीच्या चिखलाचा.

रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा लागला.
तवा. जवळा भाजल्याचा वास,
आणि बांगड्यांचा आवाज,
आणि मग दादा,
बारीक आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून,

"कांदा करपवलास गो."

आई उलट काहीतरी बोलली, बरंच बोलली.
मी पर्समधलं बिल काढलं,
घडी घातली, अजून एक घालू लागले,
आणि मग सोडून दिलं. भूक लागली होती.
उठून आत गेले,
पाट ओढला.